बाजू मॅडमची केस

वर्गात खुर्ची असताना आमच्या मॅडम पलंगावर बसायच्या. अमरावतीच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात प्रात्यक्षिकाची एक खोली होती. तिथल्या लोखंडी पलंगावर एक रबरी बाहुला कायम झोपलेला असे. पट्ट्या बांधायला, नळ्या घालायला आम्ही त्याच्यावरच शिकलो. नीतिशास्त्राचा तास असला की मॅडम त्या बाहुल्याला बखोटीला धरून उठवायच्या, कोपऱ्यात टेकवून ठेवायच्या, चपला काढून स्वतः पलंगावर चढायच्या आणि उशीला पाठ लावून म्हणायच्या, "हं. आता मी तुझा पेशंट. वाच."

वाचायचा असे तो आमचा पोझिशन पेपर. दवाखान्यात ज्याला सरळ उत्तर नाही असा एखादा पेच मॅडम आम्हाला द्यायच्या. पाय कापू नका असं एक म्हातारा शुद्धीत असताना बजावून सांगतो, आणि तो बेशुद्ध झाल्यावर मुलगा सही करायला येतो. काय करायचं? असल्या पेचावर आपण एक भूमिका घ्यायची, तिची कारणं लिहायची, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्या माणसाच्या तोंडावर ती वाचून दाखवायची. तो माणूस म्हणजे पलंगावरच्या मॅडम.

त्यांचं खरं नाव कॉलेजात फक्त फळ्यावरच्या वेळापत्रकात होतं. आम्ही त्यांना बाजू मॅडम म्हणायचो. पेपर हातात घेतला की त्या पहिल्यांदा शेवटचं पान उघडत आणि विचारत, "बाजू कोणती?" एखादीनं 'एकीकडे पाहता' आणि 'दुसरीकडे पाहता' असं लिहिलं असेल, तर तो पेपर तिथंच परत. "दोन्हीकडून पाहत बसशील अन तिकडं पेशंटचं बीपी खाली जाईल," त्या म्हणत. "एका बाजूनं उभी राह्य. चुकली तं चुकली."

वैभव नावाचा एक हुशार मुलगा आमच्या वर्गात होता. दारूनं लिव्हर खराब झालेल्यांना अतिदक्षता विभागातली खाट शेवटी द्यावी, असं त्यानं लिहिलं. मांडणी चोख होती, आम्हाला पटलीही होती. मॅडम पलंगावर चढल्या, टॉवेल खांद्यावर टाकला, पोटावर हात धरला आणि वैभव पहिलं वाक्य वाचतो न वाचतो तोच म्हणाल्या, "म्हंजे मी मरू का, भाऊ? सरळ सांग ना बाप्पा. माह्यासाठी खाट नाही, असंच म्हणून राहिला ना तू?" वैभवनं खाली पाहिलं. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. उठून चपला घालता घालता त्या म्हणाल्या, "तुझं म्हणणं चूक आहे असं मी म्हणत नाही. हाच मुद्दा ठेव. पण मले सांगता येईल असा लिह."

मॅडम मूळच्या पातूरच्या. घरी फुलांची शेती होती. सकाळी शेवंती तोडून, टोपल्या बाजाराच्या गाडीवर चढवूनच शाळेत जायचं, असं त्यांचं लहानपण. लग्नानंतर अकोल्यात आल्या आणि अकोला ते अमरावतीजवळचं बडनेरा असं रोजचं गाडीनं अप-डाउन सुरू झालं, ते शेवटपर्यंत. नेहमीच्या डब्यात त्यांची जागा ठरलेली असायची. आमचे पेपर त्या गाडीतच तपासत. कधी कधी लाल शाईची रेघ मधेच उडालेली दिसे. मग आम्ही म्हणायचो, इथं मूर्तिजापूर स्टेशन आलं असणार.

त्यांना अकोल्याच्या स्टेशनवर सोडायला रोज सर यायचे. सर म्हणजे त्यांचे यजमान. ते चित्रकलेचे शिक्षक होते, निवृत्त झालेले. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला ते दरवर्षी येत आणि खडूनं फळा रंगवून देत. एका वर्षी त्यांनी जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या लहान मुलांच्या वॉर्डात एक अख्खी भिंत रंगवली. रंगांचे डबे धरायला आम्ही चौघी होतो. हत्ती काढून झाल्यावर एका आजारी पोरानं त्याला डोळा नाही म्हणून ओरड केली, तर सर म्हणाले, "थांब ना राजा. डोळा शेवटी काढतात. नाहीतर तो मले चित्र काढताना पाहत राहते, मले लाज वाटते." मॅडमची ते थट्टा करत. "आमच्या घरी मले बाजू घ्याचा परवाना नाही. मॅडमची जी बाजू तेच घराची बाजू." हे म्हणताना ते हळूच मॅडमकडे पाहत, आणि मॅडम तोंड फिरवून घेत, कारण त्यांना हसू येई.

आम्ही तिसऱ्या वर्षाला होतो त्या दिवाळीनंतर मॅडमची सुट्टी वाढली. सरांना बरं नाही एवढंच कळलं. पुढं ऑफिसातून समजलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. आम्ही शिकत होतो, त्यामुळे त्या नावाचा अर्थ आम्हाला कळत होता. मधे मधे मॅडम येऊन तास घ्यायच्या, पण पलंगावर बसायच्या नाहीत. पुस्तकातून वाचून दाखवायच्या आणि घंटा व्हायच्या आत निघून जायच्या. उन्हाळा लागता लागता सर गेले.

आम्ही काही जणी भेटायला अकोल्याला गेलो. सर केवढे खालावले होते ते हार घातलेल्या फोटोवरून कळत नव्हतं, तो जुना होता. मॅडम आमच्याशी नीट बोलल्या, चहा प्यायला लावला. त्यांची मुलगी मुक्ता पुण्याहून आली होती. ती आतल्या खोलीत होती आणि बाहेर आली नाही. आई काही विचारायला आत गेली की तिचं उत्तर एका शब्दात येई. आम्हाला ते शोकाचं वाटलं.

कॉलेज सुरू झालं. शेवटच्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात मॅडम प्रात्यक्षिकाच्या खोलीत आल्या. त्यांनी बाहुल्याला उचललं, कोपऱ्यात ठेवलं आणि त्या पलंगावर बसल्या. पण उशीला टेकल्या नाहीत, पाय खाली सोडून बसल्या.

"या वर्षीचा पोझिशन पेपर," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या. एक माणूस. वय बासष्ट. पोटात दुखतं म्हणून तपासलं तं स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. डॉक्टरनं बायकोला बाहेर बोलावून सांगितलं. बायको नर्सिंग शिकवते. तिनं डॉक्टरला सांगितलं, यांना सांगू नका. सूज आहे म्हणा. नागपूरला नेऊन केमो दिली. नवऱ्याला वाटलं, एवढं घेतलं की बरं होणार. मुलगी म्हणाली, बाबांना सांगू. आईनं तिला शपथ घातली. माणूस काही न कळता गेला. बायकोनं केलं ते बरोबर की चूक?"

पेनं थांबली होती.

"केस माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा या वेळेस मला कोणाचं सोंग घ्यायचं नाही. पंधरा दिवसांनी वाचायचे आहेत. अन कोणी मले दया लिहून आणली तं मी वर्गाबाहेर काढीन."

त्या पंधरवड्यात होस्टेलवर दुसरं बोलणंच नव्हतं. मॅडमनी असं करायला नको होतं, असं निम्म्या मुलींचं म्हणणं होतं. दुःखात माणूस काहीही करतो, आपण गोड लिहून मोकळं व्हावं. मीही तसंच लिहायला बसले. पण लिहिताना मला सतत सर दिसत होते. हत्तीचा डोळा शेवटी काढणारे सर. त्यांना काही काढायचं राहिलं असेल का? केमोच्या दिवसांत नागपूरला जाताना खिडकीबाहेर पाहून ते काय मोजत असतील? आपल्याला भरपूर वेळ आहे असं समजून त्यांनी काय काय पुढं ढकललं असेल? मी लिहिलेली दोन पानं फाडली आणि नव्यानं सुरुवात केली.

रविवारी तिवस्याला घरी गेले, तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. बाबा पंचायत समितीत शिपाई होते, कमी बोलायचे. ते म्हणाले, "तुले जे वाटते तेच लिह. पण त्या बाईचा माणूस गेला आहे, हे वाचताना विसरू नको."

वाचनाच्या दिवशी एकामागून एक मुलं उठली. मॅडमनी प्रेमापोटी केलं. आपल्याकडे कुटुंब निर्णय घेतं. शेवटचे दिवस आशेत गेले हे काय कमी आहे? प्रत्येक पेपर संपला की मॅडम हात पुढं करत, कागद घेत आणि बाजूला ठेवत. कोणालाच काही विचारत नव्हत्या. वैभवनंही तेच वाचलं. त्याचा कागद घेताना मात्र त्या म्हणाल्या, "तुझ्याकडून मले हे पाह्यजे नव्हतं."

माझा नंबर आला. मी वाचलं की मॅडम चुकल्या. ते महिने सरांचे होते आणि ते कसे घालवायचे हे सरांनी ठरवायला हवं होतं. सुया, उलट्या, नागपूरचे खेटे हे सगळं त्यांनी एका खोट्या कारणासाठी सोसलं. ज्याला माहितीच नाही त्याची संमती ही संमती नसते, आणि हे आम्हाला मॅडमनीच शिकवलं होतं. शेवटचं वाक्य वाचताना माझा आवाज इतका बारीक झाला की मागच्या बाकावर तो पोचलाही नसेल.

मॅडमनी हात पुढं केला नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"कोणत्या दिवशी सांगाचं होतं मी?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्न कळला नाही.

"चूक झाली म्हणतेस ना? ठीक. मग सांग. कोणता दिवस? रिपोर्ट आला त्या दिवशी सांगू? त्या दिवशी यांनी तीन दिवसांनी पोटभर जेवण केलं होतं. नागपूरच्या रस्त्यावर सांगू? अन कोणत्या शब्दांत सांगू? ते शब्द कुठं आहेत तुझ्या पेपरात?" त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरत चालला होता. "मले चूक आहे हे माहीत आहे. ते तुझ्याकडून कशाला ऐकू? तू मत लिहून आणलं. मत म्हंजे भूमिका नाही. भूमिकेत दिवस लागतो अन तोंडातून काढाचे शब्द लागतात. ते लिहून आण."

घंटा झाली. त्या तशाच बसून होत्या. आम्ही बाहेर आलो तेव्हा एका मैत्रिणीनं मला विचारलं, काहून केलं असं?

दुसऱ्यांदा लिहायला मला महिना लागला. त्यासाठी मॅडमकडे जाऊन काही काही विचारावं लागलं. सर घरी काय बोलायचे? पहिल्या केमोनंतर कसे होते? मॅडम स्टाफरूममध्ये बसून शांतपणे सांगत, जणू दुसऱ्या कोणाची केस आहे. एकदा त्या म्हणाल्या, "पहिलं इंजेक्शन झालं अन आम्ही घरी आलो. यांनी चपला काढल्या, पलंगावर बसले अन म्हणाले, एवढे संपले की झालं ना? मी म्हणाली, झालं." एवढं बोलून त्यांनी समोरचा ग्लास उचलला आणि पाणी न पिताच खाली ठेवला.

तोच दिवस मी धरला. त्या दिवशी सरांनी स्वतः विचारलं होतं. मी मॅडमसाठी शब्द लिहिले: 'नाही. यानं आजार जाणार नाही, फक्त काही दिवस थांबेल. पुढची औषधं घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी इथंच आहे.'

मॅडमनी ते वाचलं. ओठ हलवत, पुन्हा पुन्हा वाचलं. मग लाल पेन काढलं.

"'मी इथंच आहे' हे शेवटी काहून लिहिलं?" त्या म्हणाल्या. "ते आधी लिह. असं काही कानावर पडलं की माणूस पहिलंच वाक्य ऐकते. पुढचं त्याले ऐकू येत नाही." त्यांनी बाण काढून ते वाक्य वर नेलं. पेन बंद केलं आणि विचारलं, "हे मुक्तासमोर वाचशील?"

"मुक्ताताईसमोर?" मी विचारलं.

"ती माह्याशी बोलत नाही. फोनवर गोळ्या घेतल्या का विचारते, बस. दिवाळीत घरी येणार आहे. माझं ती ऐकून घेणार नाही. तू तिचीच बाजू लिहिली आहेस. तिलाही हेच करायचं होतं."

मी गेले. अकोल्यातलं त्यांचं घर छोटं होतं. सरांच्या खोलीत चित्रांच्या गुंडाळ्या कपाटावर तशाच होत्या. मुक्ताताई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. चेहरा सरांचा, बोलणं आईसारखं तोडून. आईनं विद्यार्थिनीला घरचं प्रकरण लिहायला लावलं हे ऐकून ती आधी भडकली. "आई, तू याचाही तास घेतलास?" मग ती मला म्हणाली, "वाच. आलीच आहेस तर वाच."

मी वाचलं. सरांच्या पलंगाची जागा मोकळी होती, तिथं चटई टाकून आम्ही तिघी बसलो होतो. वाचून झाल्यावर मुक्ताताईनं कागदांकडे बोट केलं.

"बरोबर लिहिलंस," ती म्हणाली. "पण यात मी नाही."

"तुला शपथ घातली हे लिहिलंय, ताई," मी म्हणाले.

"शपथ घातली एवढंच लिहिलंस." ती आईकडे वळली. "आई, तुला माहीत आहे का, बाबांनी मला फोन केला होता? तू भाजी आणायला गेली होतीस. शेवटच्या महिन्यात. ते म्हणाले, मुक्ता, तुझी आई मले खरं सांगणार नाही, तू सांग. मी वाचणार आहे का?"

मॅडमचा चेहरा मी पाहिला. त्यांना हे माहीत नव्हतं.

"मी म्हणाले, हो बाबा. वाचणार तुम्ही." मुक्ताताईचा आवाज फाटला. "ते म्हणाले, बरं. आणि फोन ठेवला. तू खोटं बोललीस ते तुझं आणि बाबांचं होतं. तुम्ही तीस वर्षं एकमेकांशी काय काय बोलला असाल, त्यात एक खोटं. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, आई. त्याचं उत्तर तू मला खोटं द्यायला लावलंस."

म्हणजे सरांना संशय होता. आपण ज्यांना अंधारात ठेवलं असं मॅडम समजत होत्या, ते एकट्यानंच अंधारात चाचपडत होते, आणि त्यांनी हात पुढं केला तेव्हा तिथं कोणी नव्हतं. माझ्या दोन्ही पेपरांत यातलं काही नव्हतं.

मॅडम उठल्या, चहा ठेवते म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. लायटरचा आवाज येत राहिला, टक, टक, टक, पण गॅस पेटल्याचं ऐकू येईना. मुक्ताताई उठून आत गेली. तिनं गॅस पेटवला. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवले आणि चहा घेऊन परतीची गाडी धरली. त्या पेपरला मॅडमनी कधी मार्क दिले नाहीत. निकालात त्या विषयासमोर सगळ्यांना सारखेच मार्क होते.

या भेटीनंतर मायलेकींचं सगळं सुरळीत झालं, असं मला सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. मुक्ताताई फोनवर थोडा जास्त वेळ बोलू लागली, एवढंच. मॅडम वाळत गेल्या. तासाला पलंगावर बसायचं त्यांनी सोडून दिलं. मुलांनाच एकमेकांसमोर बसवून वाचायला लावत आणि स्वतः दाराशी उभ्या राहत. नव्या मुलांना त्यांचं टोपणनावही माहीत नव्हतं.

मला अकोल्यातच एका दवाखान्यात नोकरी लागली. सुट्टीच्या दिवशी मी मॅडमकडे जाऊ लागले. त्या मला कामाचं विचारत. नातेवाईक बाहेर गाठतात का? सांगू नका म्हणतात का? मी हो म्हणे. "मग तू काय म्हणतेस?" मी सांगे की त्यांना विचारते, पेशंटनंच विचारलं तर उत्तर कोण देणार, तुम्ही की मी. त्या मान हलवत. "चांगलं आहे. पण हळू बोलत जा. त्यांच्याही पोटात गोळा आलेला असते."

एकदा चांदूर बाजारहून आलेल्या एका बाईची हकिगत मी त्यांना सांगितली. तिचे तिन्ही मुलगे तिला सांगायला तयार नव्हते. शेवटी तिघांना खोलीत बसवून मी स्वतः सांगितलं. ती बाई एवढंच म्हणाली की मले घरी न्या, आणि घरी गेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे यांनीही म्हटलं असतं. मले घरी ने. मले ते ऐकाचं नव्हतं, प्रज्ञा. बाकी कारणं मी नंतर शोधली." त्या प्रकरणावर त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

मागच्या वर्षी श्रावणात एका सकाळी मी ड्यूटीवर असताना मॅडमच्या नंबरवरून फोन आला. बोलत होत्या त्यांच्यासोबत अप-डाउन करणाऱ्या बँकेतल्या एक बाई. मूर्तिजापूर सुटल्यावर मॅडमच्या छातीत दुखायला लागलं होतं, घाम सुटला होता. मी त्यांना विचारलं, हात दुखतोय का, श्वास कसा आहे? जिभेखाली ठेवायची गोळी जवळ आहे का? नव्हती. गार्डला कळवा, बडनेऱ्याला ॲम्ब्युलन्स सांगते, असं मी म्हणत असतानाच मॅडमचा आवाज आला. फोन त्यांनी हातात घेतला होता.

"प्रज्ञा. मुक्ताले सांगू नको हं. ते तिकडं एकटी राहते. घाबरते."

"मॅडम, तुम्ही बोलू नका."

"नाही सांगणार ना?"

मी म्हणाले, "मॅडम, मी सांगणार आहे."

पलीकडून फक्त गाडीचा आवाज आला. मी फोन ठेवला, ॲम्ब्युलन्सला लावला, आणि लगेच मुक्ताताईला लावला. तिला म्हणाले, "ताई, मी आहे तुझ्यासोबत, ऐक. आईला हार्ट अटॅक आलाय असं दिसतंय. त्या गाडीत आहेत. शुद्धीत आहेत. बडनेऱ्यापर्यंत काय होईल सांगता येत नाही. आत्ता त्यांच्या नंबरवर फोन कर."

"करते," ती म्हणाली. फोन कट झाला.

बडनेऱ्याच्या फलाटावर स्ट्रेचर तयार होतं. डॉक्टरनं डब्यातच तपासलं. उशीर झाला होता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी अकोल्याच्या घरी गेले. पाहुणे निघून गेले होते. मुक्ताताई सरांच्या गुंडाळ्या खाली काढून धूळ पुसत होती. मला पाहून तिनं फडकं बाजूला ठेवलं, पण उठली नाही.

"तू फोन केलास म्हणून मी कधी तुझे आभार मानीन असं समजू नकोस," ती म्हणाली. "ते सगळं माझ्या कानातून जात नाही. झोप लागत नाही मला."

मी तिच्याजवळ चटईवर बसले.

"केला नसतास तर तुला या घरात पाऊल ठेवू दिलं नसतं, हेही खरं आहे." तिनं डोळे पुसले. "पहिल्यांदा म्हणाली, काही नाही गं, गॅस झाला आहे. मी म्हटलं, आई. एवढंच म्हटलं. मग ती थांबली. मला वाटलं, फोन कट झाला. मग म्हणाली, नाही मुक्ता. मले भेव लागून राह्यलं. फोन ठेवू नको. मी नाही ठेवला. ती बोलत नव्हती, पण तिचा श्वास ऐकू येत होता, मधे मधे त्या बाईंचा आवाज. गाडी हळू झालेली कळली मला. मग चहावाले, अनाउन्समेंट, कोणीतरी सरका सरका म्हणून ओरडतंय. आणि मी इकडं नुसती सांगत होते, आई, मी आहे. आई, मी आहे."